ससूनांचे वंशज: आडनावाचा घोळ आणि त्यामागचा इतिहास

मुंबईतल्या ससून या बगदादी ज्यू व्यापारी घराण्याचा मूळपुरुष डेव्हिड ससून. त्याच्या वडिलांचं नाव ससून. आडनाव नव्हे, पाळण्यातलं नाव. ससून बिन सालेह, म्हणजे सालेहचा मुलगा ससून. डेव्हिड बगदाद सोडून मुंबईला आला तेव्हा बापाचं नाव त्याच्यामागे आलं आणि इंग्रजी कागदांत तेच आडनाव होऊन बसलं. या घराण्याची वंशावळ लावायला बसलेला माणूस पहिल्यांदा अडखळतो तो इथे. पुढे अडखळायच्या जागा पुष्कळ आहेत, पण बहुतेकांचं मूळ हेच.

बगदादचा भाग थोडक्यात. ससून बिन सालेह (१७५०–१८३०) हा तिथल्या पाशांचा, म्हणजे तुर्की सुभेदारांचा, खजिनदार आणि ज्यू समाजाचा प्रमुख. पदाचं नाव सराफ-बाशी. आपल्याकडे सराफ म्हटलं की सोन्याचं दुकान डोळ्यांसमोर येतं, पण मूळ अरबी शब्द नाणी पारखून बदलून देणाऱ्याचा. पुढे दाऊद पाशाच्या अमदानीत छळ सुरू झाला, डेव्हिडला कैद झाली, बापाने पैसे भरून त्याला सोडवलं. दोघं बसऱ्यामार्गे इराणच्या किनाऱ्यावर बुशहरला पळाले. म्हातारा तिथेच वारला. डेव्हिड १८३२ च्या सुमारास मुंबईत उतरला.

युरोपात या घराण्याला ‘पूर्वेकडचे रॉथशिल्ड’ म्हणायची पद्धत पडली आणि त्यातून ‘ज्यू बँकर घराणं’ हा शिक्का बसला. तो अर्धाच खरा आहे. सराफ-बाशीचा वारसा होता, हुंड्या आणि उधारीचे व्यवहार होते, १८६४ मध्ये हाँगकाँगच्या नव्या बँकेची जुळवाजुळव झाली तेव्हा आरंभीच्या समितीत एक ससून होता, आणि विसाव्या शतकात एका शाखेने स्वतःच्या नावाची बँकही काढली. पण पैसा मुख्यतः आला तो कापूस, कापड आणि माळव्याची अफू चीनला धाडण्यातून. ‘बँकर’ म्हटलं की अफूचा वास येत नाही. हा शब्द टिकून राहिला, त्यात याचाही वाटा असावा असं मला वाटतं.

आता नावांकडे. डेव्हिडला दोन बायकांपासून आठ मुलगे झाले. पहिलीचे अब्दुल्ला आणि एलियास. दुसरीचे ससून, रूबेन, आर्थर, सोलोमन, अॅरन आणि फ्रेडरिक. इंग्रजी वंशावळींत हे एलियास डेव्हिड ससून, सोलोमन डेव्हिड ससून असे छापलेले सापडतात, आणि युरोपातल्या वाचकाला मधलं ‘डेव्हिड’ हे हौसेने ठेवलेलं दुसरं नाव वाटतं. मराठी वाचकाला सांगावं लागत नाही. आपल्या शाळेच्या दाखल्यावर असतं तेच हे: नाव, वडिलांचं नाव, आडनाव. एलियासचा मुलगा जेकब एलियास ससून. सोलोमनचा मुलगा डेव्हिड सोलोमन ससून. त्याचा मुलगा सोलोमन डेव्हिड ससून, म्हणजे पुन्हा आजोबांचंच नाव. बगदादी ज्यूंत आजोबा हयात असतानाही नातवाला त्यांचं नाव द्यायला हरकत नसते, त्यामुळे तीच सात-आठ नावं दर दुसऱ्या पिढीत वर येतात. एका मुलाचं नाव तर ससून डेव्हिड ससून. यातला पहिला ससून नाव, दुसरा आडनाव.

या सगळ्यावर कडी म्हणजे सर ससून जेकब डेव्हिड. हाही मुंबईचा बगदादी ज्यू, १९०६ मध्ये स्थापन झालेल्या बँक ऑफ इंडियाच्या संस्थापकांपैकी एक, १९११ मध्ये बॅरोनेट (वंशपरंपरेने चालणारी ब्रिटिश पदवी) झालेला. याचं आडनाव डेव्हिड. भल्याभल्या लेखांत याला डेव्हिड ससूनचा मुलगा करून टाकलेलं आहे, बँकेचं श्रेयही त्या ओघात थोरल्या डेव्हिडकडे जातं, जो १८६४ मध्येच पुण्यात वारला होता. गंमत अशी की चूक दाखवून देणारेही पुढे चुकतात. ‘या दोघांचा काही संबंध नाही’ असं ते ठणकावतात, पण संबंध आहे. ससून डेव्हिडची बायको हॅना ही एलियासची मुलगी, म्हणजे थोरल्या डेव्हिडची नात. त्यांचा मुलगा सर पर्सिव्हल डेव्हिड, मुंबईत जन्मलेला, चिनी मातीच्या भांड्यांचा जगातला एक मोठा संग्राहक. त्याची सुमारे सतराशे भांडी आज ब्रिटिश म्युझियममध्ये काचेमागे मांडलेली आहेत. त्यातल्या निळ्या-पांढऱ्या फुलदाण्यांच्या एका जोडीवर १३५१ हे साल पडतं असा लेख आहे, आणि त्या काळच्या चिनी भांड्यांची कालनिश्चिती त्या जोडीवर टेकलेली आहे. संग्रहावर नाव ‘डेव्हिड’. वंशज मात्र तो ससूनांचा, आईकडून.

म्हणजे प्रश्न ‘वंशज’ या शब्दाचा आहे. इंग्लंडच्या सरदारांच्या याद्या छापणाऱ्यांच्या लेखी वंश बापाकडून मुलाकडे जातो. अब्दुल्ला, जो पुढे आल्बर्ट झाला, त्याला १८९० मध्ये बॅरोनेटपद मिळालं; त्याचा नातू फिलिप १९३९ मध्ये अविवाहित वारला आणि पद संपलं. एलियासच्या शाखेत जेकबला १९०९ मध्ये पद मिळालं, भावाकडे गेलं, भावाच्या मुलाकडे, व्हिक्टरकडे गेलं. त्याला मूल नव्हतं, १९६१ मध्ये तेही संपलं. पर्सिव्हल डेव्हिडबरोबर १९६४ मध्ये तिसरं. तीन पदं, तिन्ही नामशेष, आणि त्यावरून ‘ससून घराणं बुडालं’ हे वाक्य इतक्यांदा छापलं गेलं आहे की ते आता कोणी तपासत नाही.

तपासायचं तर फिलिपच्या बहिणीकडे जावं लागतं. सिबिल (१८९४–१९८९) हिचा बाप आल्बर्टचा मुलगा एडवर्ड, आई पॅरिसच्या रॉथशिल्ड घराण्यातली अॅलीन. दोन्ही घराण्यांचं रक्त तिच्यात एकत्र आलं. १९१३ मध्ये तिने इंग्लंडमधल्या चमली घराण्यात लग्न केलं (लिहिताना चोल्मोंडेली, उच्चार चमली; वंशावळ शोधणाऱ्याला तेवढीच आणखी एक डोकेदुखी). या घराण्याकडे ब्रिटिश दरबारातलं एक वंशपरंपरागत पद पाळीपाळीने येतं. संसदेचं अधिवेशन उघडायला राणी यायची तेव्हा तिच्यापुढे चालण्याचा मान या पदाचा. २०२२ पर्यंत तो मान सिबिलच्या नातवाकडे होता, आणि त्याचं नाव डेव्हिड. मुंबईच्या डेव्हिडपासून मोजलं तर सहावी पिढी.

उलट्या टोकाला सिगफ्रीड ससून, पहिल्या महायुद्धातला कवी. आज जगात ससून हे आडनाव मुख्यतः त्याच्यामुळे माहीत आहे. त्याचा बाप अल्फ्रेड हा ससून डेव्हिड ससूनचा मुलगा. अल्फ्रेडने थेरेसा थॉर्नीक्रॉफ्ट या ख्रिस्ती मुलीशी लग्न केलं आणि आईने त्याला वारसातून काढून टाकलं, मेल्याचं सुतक धरलं असंही सांगतात. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे मूल आईच्या धर्माचं. म्हणजे सिगफ्रीड ससून, आडनावानिशी, ज्यू नाही. आणि सिबिलची मुलं, चमली आडनावाची, इंग्लंडच्या सरदारवाड्यात वाढलेली, शास्त्राने ज्यू. कोणाची वही उघडता त्यावर वंशज कोण ते ठरतं.

अल्फ्रेडला बाहेर काढण्याचा तो निर्णय घराण्याच्या इतिहासात आहे त्याहून मोठा करून सांगितला जातो, कारण पुढे कवी प्रसिद्ध झाला. आतल्या आत त्याचं वजन किती होतं? अल्फ्रेडची बहीण रेचेल, जन्म मुंबईचा, १८५८. तिनेही ख्रिस्ती घरात लग्न केलं, धर्मही बदलला, आणि १८९० च्या दशकात लंडनची दोन मोठी रविवारची वृत्तपत्रं संपादिली. फ्रान्समधल्या ड्रेफस प्रकरणातला (एका ज्यू लष्करी अधिकाऱ्यावरचा हेरगिरीचा खोटा आरोप) खरा गुन्हेगार एस्टरहाझी याची कबुली तिच्याच वृत्तपत्रात छापली गेली. ती १९२७ मध्ये वारली तेव्हा तिचा पैसा भाच्यांना मिळाला, सिगफ्रीडलाही. आजीने बंद केलेली ससूनांची तिजोरी आत्याने मागच्या दाराने उघडली म्हणायची.

पणतवंडांची ती पिढी एका पंगतीला बसवली तर मजेशीर दिसते. १९१७ च्या जुलैत सिगफ्रीड लष्करी अधिकारी असताना युद्ध चालू ठेवण्याविरुद्ध जाहीर निवेदन काढतो. त्याच वेळी फिलिप फ्रान्समध्ये ब्रिटिश सरसेनापती हेगचा खासगी सचिव. दोघेही थोरल्या डेव्हिडचे पणतू. तिसरा पणतू व्हिक्टर, त्याने १९२९ मध्ये शांघायच्या ‘बंड’ या नदीकाठच्या रस्त्यावर कॅथे हॉटेल उघडलं. चौथा पर्सिव्हल, भांडी गोळा करत होता.

मुंबईतली शाखा १८६७ मध्ये दुभंगली होती. बाप गेल्यावर पेढी अब्दुल्लाकडे आली, आणि चीनचा व्यापार उभा करणाऱ्या एलियासने ई. डी. ससून नावाने वेगळी चूल मांडली. त्यामुळे मुंबईतल्या वास्तूंना एकच ‘ससून’ जोडणं चूक. कुलाब्याचा १८७५ चा ससून डॉक अब्दुल्लाचा, काळा घोडा म्हणून ओळखला जाणारा पुतळाही त्यानेच दिलेला. फोर्टमधलं १८८४ चं सिनेगॉग आणि परळ-लालबागच्या गिरण्या एलियासच्या मुलांच्या. गिरण्या चाळीसच्या दशकात विकल्या गेल्या आणि त्यांचं नाव इंडिया युनायटेड झालं. दादरची इंदू मिल म्हणजे त्यातलीच सहा नंबरची. गिरणगावात तीन पिढ्या राबलेल्या कुटुंबांनाही ते जुनं नाव आता सांगावं लागतं.

बायकांच्या बाजूचा सगळ्यात गुंतलेला धागा फरहाचा, इंग्रजीत फ्लोरा (१८५९–१९३६). तिची आई अझीझा ही अब्दुल्लाची मुलगी. म्हणजे फरहा थोरल्या डेव्हिडची पणती. तिचं लग्न झालं सोलोमनशी, डेव्हिडच्या मुलाशी. आईच्या बापाचा सावत्र भाऊ तो, नात्याने चुलतआजोबा. त्यांचा मुलगा डेव्हिड सोलोमन बापाकडून थोरल्या डेव्हिडचा नातू आणि आईकडून खापरपणतू. संगणकावर वंशवृक्ष काढला की इथे वृक्षाचं जाळं होतं. १८९४ मध्ये सोलोमन वारला आणि मुंबईची पेढी फरहाने सात-एक वर्षं स्वतः चालवली. लंडनमधले दीर-पुतणे तिच्यावर खूश नव्हते. तिचं काम पाहता, त्यांना नेमकं काय खुपत होतं ते समजायला फार डोकं लागत नाही. लंडनला गेल्यावरही धर्मपालन सोडलं नाही ते याच शाखेने. डेव्हिड सोलोमनने हिब्रू हस्तलिखितं जमवली. १९२९ मध्ये साडेतीनशे पौंडांना घेतलेलं, साधारण हजार-अकराशे वर्षांपूर्वीचं बायबल २०२३ मध्ये न्यू यॉर्कच्या लिलावात ३ कोटी ८१ लाख डॉलरला गेलं आणि तेल अवीवच्या संग्रहालयात पोचलं. वस्तू घराबाहेर गेली, पण तिच्या नावात ‘ससून’ आहे.

थडग्यांचीही हीच तऱ्हा. थोरला डेव्हिड पुण्याच्या लाल देवळाच्या, म्हणजे तिथल्या सिनेगॉगच्या, आवारात आहे, हललेला नाही. आल्बर्टने ब्रायटनला हिंदुस्थानी घुमटाची समाधी बांधून घेतली. फिलिपने १९३३ मध्ये ती विकली, आतले मृतदेह लंडनला हलवले, आणि त्या इमारतीत पुढे दारूचा गुत्ता निघाला. नाव बॉम्बे बार.

आणि केशरचनाकार विडाल ससून या घराण्यातला नाही. त्याच्या बापाचं मूळ ग्रीसमधल्या सलोनिकाचं. ससून म्हणजे हिब्रूत आनंद, नाव कोणालाही ठेवता येतं.

मूळ पत्रव्यवहार आता जेरुसलेमला जपून ठेवला आहे. भाषा बगदादची अरबी, लिपी हिब्रू. लंडनमध्ये जन्मलेल्या पिढ्यांना ती वाचता येईना, म्हणून बराच काळ इतिहास इंग्रजी कागदांवरूनच रचला गेला. त्या पत्रांत आल्बर्ट शोधून सापडत नाही, अब्दुल्ला सापडतो. आर्थरच्या जागी अब्राहम, फ्लोराच्या जागी फरहा. आणि डेव्हिडने १८५३ मध्ये ब्रिटिश नागरिकत्व घेताना सही केली, तीही हिब्रूत.