सावलीतल्या वाफ्यासाठी तेरडा की इम्पेशन्स?

आंब्याखालच्या किंवा इमारतीच्या उत्तरेकडच्या वाफ्यात रंगीत हंगामी फुले हवी असतील, तर बागकामाच्या इंग्रजी पुस्तकांत पहिले नाव इम्पेशन्सचे सापडते, आणि आपल्याकडचे जाणकार लगेच सांगतात की इम्पेशन्स म्हणजे आपला तेरडाच. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ते चूक नाही, कारण दोन्ही एकाच प्रजातीतल्या (इंग्रजीत जीनस) वेगवेगळ्या जाती आहेत. मात्र त्या भरवशावर बालसमचे, म्हणजे तेरड्याचे, पाकीट आणून सावलीत पेरले, की वाफा पावसाळाभर नुसता हिरवा राहतो.

तेरडा (इम्पेशन्स बाल्समिना) हा भारतीय उपखंडातला असून तो खराखुरा वर्षायू आहे. पहिल्या पावसात उगवायचे, श्रावण-भाद्रपदात फुलायचे आणि बी टाकून वाळून जायचे, असा त्याचा क्रम असतो. गौरी आणायच्या दिवसांत तो ऐन भरात असतो, आणि कोकणात अनेक घरी मुळासकट आणलेला तेरडाच गौर म्हणून पूजला जातो. तो आणायला कोणी गर्द राईत शिरत नाही. तो बांधावर, वाटेच्या कडेला, उघड्या उतारावर सापडतो. कासच्या पठारावर पावसाळ्याच्या अखेरीस दिसणारा गुलाबी रंगही बराचसा त्याच्याच एका भाऊबंदाचा, आणि ते पठार तर डोक्यावर झाड नसलेला उघडा कातळ आहे. थोडक्यात, तेरड्याला ओल हवी, पण ऊनही हवे. दिवसाकाठी चार-पाच तास तरी ऊन मिळाले नाही, तर त्याचे रसाळ खोड उजेडाच्या दिशेने लांबत जाते, पेरांतले अंतर वाढते, फुले विरळ येतात आणि जोराच्या सरीत रोप आडवे होते.

नर्सरीत इम्पेशन्स म्हणून मिळणारे बुटके रोप बहुधा इम्पेशन्स वॉलेरियाना असते. ते पूर्व आफ्रिकेतले, केनियापासून मोझांबिकपर्यंतच्या दमट, सावलीच्या जागांतले आहे. मुळात बहुवर्षायू असूनही बागेत ते हंगामी म्हणूनच लावतात. सकाळचे कोवळे ऊन किंवा फांद्यांतून गाळून येणारा उजेड एवढ्यावर ते भरभरून फुलते. उलट दुपारच्या उन्हात माती ओली असतानाही त्याची पाने माना टाकतात. सपाटीवरच्या शहरांत त्याचा चांगला काळ म्हणजे हिवाळा. एप्रिलच्या उष्म्यात ते सावलीतही कुरकुरतेच.

रोप हातात असेल तर ओळख पटवायला फार वेळ लागत नाही. तेरड्याची पाने लांबट, भाल्याच्या पात्यासारखी आणि दातेरी कडांची असतात, फुले पानांच्या बेचक्यात खोडाला बिलगून येतात, आणि डबल जातींत तर पान बाजूला सारल्याशिवाय फूल नीट दिसत नाही. वॉलेरियानाचे पान रुंद असते, फूल चपटे, पाच पाकळ्यांचे आणि मागे बारीक लांब शेपटी असलेले, आणि ही फुले झुडपाच्या माथ्यावर उघडी बसतात. दोघांचीही पक्व बोंडे बोट लावताच फुटून बी उडवतात, पण तेरड्याचे बोंड लवदार असते आणि वॉलेरियानाचे गुळगुळीत.

लागवडीतही फरक आहे. तेरड्याचे बी टपोरे असल्याने ते जागेवरच मातीत पेरता येते. वॉलेरियानाचे बी बारीक असते आणि रुजायला त्याला उजेड लागतो, म्हणून ते मातीखाली पुरू नये. त्यापेक्षा फांदीचा तुकडा पाण्यात ठेवून मुळे फोडणे कितीतरी सोपे. मोठ्या झाडाखाली मात्र खरी अडचण सावलीची नसून मुळांची असते. झाडाची मुळे वरच्या थरातले पाणी ओढून घेतात, तेव्हा तिथे कुदळ मारत बसण्यापेक्षा शेणखत आणि कुजलेला पालापाचोळा घातलेल्या कुंड्याच मांडाव्यात.

रोगांच्या बाबतीत तेरड्याला भुरी त्रास देते, तर वॉलेरियानाचा मोठा शत्रू केवडा हा रोग (इंग्रजीत डाउनी मिल्ड्यू) आहे. २००३ मध्ये ब्रिटनमध्ये आणि २०११ च्या सुमारास अमेरिकेत या रोगाने वाफेच्या वाफे उघडे पाडले. पानाच्या खालच्या बाजूला पांढरी बुरशी धरते आणि काही दिवसांत नुसत्या काड्या उरतात. त्यामुळे सावलीत रोपे दाटीने लावू नयेत, पाणी सकाळी आणि बुंध्याशीच द्यावे. न्यू गिनी इम्पेशन्स या तिसऱ्या, मोठ्या फुलांच्या भावंडाला हा रोग सहसा होत नाही आणि ते थोडे अधिक ऊनही सोसते, पण रोप महाग पडते.

वाफ्याची बाहेरची कड उन्हात येत असेल तर तिथे तेरडा आणि आतल्या बाजूला वॉलेरियाना, अशी वाटणी करता येते. जिथे दिवसा वाचायलाही दिवा लावावा लागतो अशा कोपऱ्यात मात्र दोन्ही फुलणार नाहीत, आणि कोलियसच्या पानांचा रंगही तिथे फिका पडतो. तिथे फर्न लावून मोकळे व्हावे.