आगमनकाळ: चार रविवारांमागचा इतिहास

नाताळाआधीच्या चार रविवारांचा आगमनकाळ आज मुख्यतः ख्रिस्तजन्माच्या तयारीचा काळ मानला जातो. मात्र त्याच्या पहिल्या रविवारी कॅथलिक आणि इतरही अनेक चर्चमध्ये जे शुभवर्तमान वाचले जाते, त्यात गव्हाणीचा उल्लेखही नसतो. प्रभू कोणत्या दिवशी येईल हे कोणालाच ठाऊक नाही, म्हणून जागे राहा, असा इशारा त्यात असतो.

याचे मूळ आगमनकाळाच्या ‘अ‍ॅडव्हेंट’ या नावातच आहे. रोमन सम्राट एखाद्या नगरात समारंभाने प्रवेश करी, त्या प्रसंगाला लॅटिनमध्ये ‘आद्वेन्तुस’ म्हणत, आणि लॅटिन बायबलात हाच शब्द ख्रिस्ताच्या पुनरागमनासाठी आला. जन्माचे स्मरण आणि पुनरागमनाची वाट, असे दोन्ही अर्थ एका नावात नांदू लागले.

प्रत्यक्ष प्रथेची सुरुवात मात्र शिस्तीच्या नियमांनी झाली. स्पेनमधील सारागोसा येथे ३८० साली भरलेल्या धर्मपरिषदेने १७ डिसेंबर ते ६ जानेवारी या काळात कोणीही चर्चमधून गैरहजर राहू नये असे ठरवले. त्या नियमात नाव आहे ते ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणाचे (एपिफनी), नाताळाचे नव्हे. पुढे पाचव्या शतकात आजच्या फ्रान्समधील तूरचे बिशप पर्पेच्युअस यांनी ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास घालून दिला. रोममध्ये पोप पहिले ग्रेगरी यांच्या सुमारास चार रविवारांची पद्धत रुळली, तरी मिलानच्या उपासनापद्धतीत हा काळ आजही सहा आठवड्यांचा असतो.

या नियमांना आध्यात्मिक गाभा दिला तो, माझ्या मते, बाराव्या शतकातील फ्रेंच मठाधिपती क्लेअरव्होच्या बर्नार्ड यांनी. ख्रिस्ताचे येणे दोन नव्हे, तीन, असे ते सांगत: एक देहाने झालेले, एक युगान्ती वैभवाने होणारे, आणि या दोहोंमधले, अंतःकरणात गुप्तपणे घडणारे. हे मधले येणे पहिल्यापासून शेवटच्याकडे नेणारी वाट होय, ही त्यांची उपमा वाट पाहण्याला केवळ दिवस मोजण्यापलीकडे नेते.

दिवस मोजण्याची हौस त्यानंतर बऱ्याच काळाने आली. हॅम्बुर्ग येथे गरीब मुलांसाठी आश्रम चालवणारे योहान हिनरिख विखर्न यांनी १८३९ साली गाडीच्या जुन्या चाकावर चार मोठ्या पांढऱ्या आणि वीस लहान लाल मेणबत्त्या बसवल्या, आणि रोज एक पेटवली जाऊ लागली. त्या वर्षी पहिला रविवार नेमका १ डिसेंबरला आल्यामुळे हिशेब चोवीसवर बसला. एरवी तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांपैकी कोणत्याही तारखेस येतो. या चाकापासूनच आगमनकाळाचा मेणबत्त्यांचा गोल हार आला, आणि घरोघरच्या हारांत पुढे चार रविवारांच्या चारच मेणबत्त्या उरल्या. नाताळापर्यंत रोज एक छोटी खिडकी उघडायची अशी छापील दिनदर्शिका मात्र बहुधा १ तारखेलाच सुरू होते, आणि म्हणून तिची पहिली खिडकी व हारातली पहिली मेणबत्ती यांचा दिवस क्वचितच एक असतो.