‘अनिर्बंध’ नेमके कधीपासून?

इशारा न देता व्यापारी बोटी बुडवण्याला ‘अनिर्बंध पाणबुडी युद्ध’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात जर्मनीने ते नेमके कधी सुरू केले, हा इथला प्रश्न. ‘एमडेन’ या जर्मन युद्धनौकेने मद्रासच्या तेलटाक्या पेटवल्या, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक असते. त्याआधी बारा दिवस, १० सप्टेंबर १९१४ला, याच क्रूझरने बंगालच्या उपसागरात ‘इंडस’ अडवली. ही बोट सैन्य न्यायला कोलकात्याहून मुंबईला निघाली होती. जर्मनांनी आधी माणसे उतरवून घेतली, मग साबण (त्यांच्याकडचा संपत आला होता), आणि मग बोट बुडवली. पुढे ‘काबिंगा’ हाती लागली, पण तिच्यातला माल अमेरिकी मालकीचा निघाला. तेव्हा पकडलेले खलाशी तिच्यावर चढवून तिला सोडून दिले.

यात दिलदारी होती असे म्हणतात. मुख्यतः तो सागरी युद्धाचा कायदा होता. बोट थांबवा, कागद तपासा, माणसांची सोय लावा, मग हवे ते करा. ब्रिटिश बोटींवर कोकणातले खलाशी आणि गोव्याचे खानसामे भरपूर असत, तेव्हा हा प्रश्न आपल्याही माणसांच्या जिवाचा होता.

२० ऑक्टोबरला नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ ‘ग्लिट्रा’ बुडाली. पाणबुडीने बुडवलेली ही पहिली व्यापारी बोट. खलाशांना होड्यांत उतरायला दहा मिनिटे मिळाली, आणि पाणबुडीने त्या होड्या थोडे अंतर किनाऱ्याकडे ओढतही नेल्या. पण पाणबुडीत कैदी ठेवायचे कुठे? पकडलेली बोट बंदरात न्यायला माणसे कुठून द्यायची?

खरा वाद ४ फेब्रुवारी १९१५च्या जर्मन जाहीरनाम्याचा. ब्रिटनभोवतीचा समुद्र १८ तारखेपासून युद्धक्षेत्र. जर्मन नौदलप्रमुख ते पद सोडून लढाऊ ताफ्याची सूत्रे घ्यायला निघाले होते. विल्हेल्म्सहाफेन बंदराच्या भेटीत त्यांनी कैसरची, म्हणजे जर्मन सम्राटाची, संमती पदरात पाडून घेतली. जर्मन बाजू म्हणते, ब्रिटनने नोव्हेंबरातच उत्तर समुद्र लष्करी क्षेत्र ठरवला होता, शिवाय ब्रिटिश बोटी तटस्थ झेंडे लावत. हे खोटे नाही. दोनच दिवसांनी ‘लुसिटानिया’ अमेरिकी झेंडा लावून लिव्हरपूलला आली. पण गस्तीवर एका वेळी जेमतेम अर्धा डझन पाणबुड्या असताना अशी घोषणा करणे मला शुद्ध उतावीळपणा वाटतो.

या मोहिमेला सर्रास ‘अनिर्बंध पाणबुडी युद्ध’ म्हणतात, तेही पुरते खरे नाही. अमेरिकेच्या निषेधानंतर तटस्थ बोटी वाचवण्याचे हुकूम निघाले, आणि १९१५मध्येही कित्येक बोटी इशारा देऊनच बुडवल्या गेल्या. मे महिन्यात ‘लुसिटानिया’ मात्र इशाऱ्याविना बुडवली, जवळजवळ बाराशे माणसे गेली, आणि निर्बंध आणखी वाढले. ते सगळे उठले १ फेब्रुवारी १९१७ला. ‘अनिर्बंध’ हा शब्द खरा त्या तारखेचा.

१९३६मध्ये पाणबुड्यांनाही जुनेच नियम लागू करणारा करार जर्मनीने मान्य केला. ३ सप्टेंबर १९३९ला, ब्रिटनने युद्ध पुकारले त्याच संध्याकाळी, ‘अथेनिया’ ही प्रवासी बोट इशाऱ्याविना टॉर्पेडोने फुटली. बर्लिनने कानावर हात ठेवले, आणि ती फोडणाऱ्या जर्मन पाणबुडीच्या रोजनिशीतले त्या दिवसाचे पान बदलून टाकले.