बर्लिनमध्ये पत्त्याची नोंदणी: घर पक्कं करण्याआधी वाचा

बर्लिनला नव्याने येणाऱ्या मराठी मंडळींचे फोन मला बहुतेक वेळा घर घेऊन झाल्यावर येतात. "ताई, खोली मिळाली, पैसेही भरले, आता आन्मेल्डुंग कसं करायचं?" मी विचारते, घरमालक सही करून कागद देणार आहे ना? पुष्कळदा पलीकडून उत्तरच येत नाही. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते: ज्या घरावर नोंदणी होत नाही, ते घर कितीही सुंदर असलं, स्टेशनजवळ असलं, तरी पहिलं घर म्हणून घेऊ नका.

आन्मेल्डुंग म्हणजे तुम्ही कुठे राहता याची सरकारी नोंद. यासाठीचा देशव्यापी कायदा १ नोव्हेंबर २०१५ पासून लागू आहे. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करायची, असं तो सांगतो. जर्मन नागरिक असो वा परदेशी, नोकरदार असो वा विद्यार्थी, नियम सगळ्यांना सारखाच, आणि नोंद घरातल्या प्रत्येकाची, तान्ह्या बाळाचीसुद्धा. एरवी परदेशात राहणारं कोणी तीन महिन्यांपर्यंत पाहुणं म्हणून आलं असेल तर गरज नाही, त्यामुळे आईबाबा भेटायला आले की त्यांच्या नोंदणीची काळजी करू नका. उशीर झाला तर १,००० युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे.

दंडापेक्षा मला काळजी वाटते ती पुढच्या अडकणाऱ्या कामांची. नोंदणी झाल्याशिवाय अकरा अंकी कर क्रमांक येत नाही. तो नसला तर कंपनी तुमचा पगार सहाव्या करवर्गात टाकू शकते, आणि तिथे कपात सर्वांत जास्त. नंतर हिशोब जुळवून पैसे परत मिळतात खरे, पण नव्या शहरातल्या पहिल्या दोन महिन्यांतच हाताशी पैसे लागतात. बऱ्याच बँका खातं उघडताना नोंदणीचा दाखला मागतात, आणि निवास परवान्याच्या अर्जालाही पत्त्याचा पुरावा लागतो.

आता तो कागद. त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, म्हणजे घर देणाऱ्याचं पत्र. त्यात घर देणाऱ्याचं नाव-पत्ता, घराचा पत्ता, तुम्ही राहायला आल्याची तारीख आणि राहायला येणाऱ्या सगळ्यांची नावं असतात. घर देणारा स्वतः मालक नसेल तर मालकाचंही नाव येतं. भाडेकरार याच्या जागी चालत नाही. करार छान प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून नेलेल्या आणि तसंच परत यावं लागलेल्या माणसांना मी नोंदणी कार्यालयात पाहिलं आहे. हे पत्र देणं ही घर देणाऱ्याची कायदेशीर जबाबदारी आहे, उपकार नव्हे, त्यामुळे मागताना संकोच करू नका. तुम्ही कुणाच्या घरात पोटभाडेकरू असाल तर मूळ भाडेकरूने सही केली तरी चालते. फक्त पोटभाड्याने द्यायला मालकाची परवानगी आहे का, हे आधी विचारून घ्या.

जाहिरातीत 'ओहने आन्मेल्डुंग' असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ नोंदणी मिळणार नाही. अशा घरात राहून दुसऱ्याच पत्त्यावर नोंद करून देतो, अमुक पैसे द्या, असं सांगणारेही भेटतात. तिथे प्रत्यक्ष राहायचं नसताना नोंदणीसाठी पत्ता देऊ करणं बेकायदा आहे आणि त्यावर ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय तुमची सगळी सरकारी पत्रं अनोळखी माणसाच्या दारात जाऊन पडणार. कृपा करून या वाटेला जाऊ नका.

बाकीची कागदपत्रं सोपी आहेत. प्रत्येकाचा मूळ पासपोर्ट, त्यातला व्हिसा आणि भरून सही केलेला नोंदणी अर्ज. अर्ज शहराच्या संकेतस्थळावर मिळतो, जर्मनमध्येच भरायचा असतो. नवराबायको एकत्र येत असतील तर लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले घ्या, मूळ प्रतीच, आणि सोबत शपथबद्ध अनुवादकाने केलेला जर्मन अनुवाद. कुटुंबाची नोंद एकत्र करता येते, तरी पहिल्या वेळी सगळ्यांनी मिळून जावं असं मी सांगते.

अर्जात धर्माचा रकाना असतो. तो नुसता माहितीसाठी नाही. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट चर्चचे सदस्य म्हणून नोंद झाली की प्राप्तिकरावर चर्चचा कर लागतो, बर्लिनमध्ये प्राप्तिकराच्या ९ टक्के. आपल्या ख्रिस्ती मित्रमैत्रिणींनी हे माहीत असूनच काय ते लिहावं. इतरांना हा कर लागू नाही.

अर्ज द्यायचा तो ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिक सुविधा कार्यालयात. वेळ आधी ऑनलाइन घ्यावी लागते. शुल्क नाही. बर्लिनचे बारा जिल्हे आहेत आणि तुम्ही कुठल्याही जिल्ह्यातल्या कार्यालयात जाऊ शकता. मोआबिटला राहता म्हणून मोआबिटच हवं असं काही नाही. श्पांडाउ किंवा मार्त्सानला वेळ मिळत असेल तर ती घ्या, अर्धा-पाऊण तास ट्रेनने गेलात की काम होतं. कॅलेंडर सगळं भरलेलं दिसलं तर सकाळी पुन्हा पाहा, दुपारीही पाहा. लोक वेळ रद्द करतात आणि ती जागा लगेच मोकळी दिसते. सरकारी चौकशीच्या ११५ या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. दोन आठवड्यांतली तारीख मिळालीच नाही तर मिळेल ती पहिली घ्या आणि बुकिंगचा ईमेल जपून ठेवा, म्हणजे प्रयत्न केल्याचा पुरावा हातात राहतो. ऑनलाइन नोंदणीची सोय आता झाली आहे, पण परदेशातून पहिल्यांदाच येणाऱ्याला ती वापरता येत नाही, प्रत्यक्षच जावं लागतं.

तिथे पडद्यावर तुमचा क्रमांक आला की सांगितलेल्या टेबलापाशी जायचं. काम दहा-पंधरा मिनिटांचं. सगळं भरून झाल्यावर अधिकारी एक छापील पान समोर ठेवतात. घाईने सही करू नका, नावातलं एकेक अक्षर वाचा. आपल्या पासपोर्टवर स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव बहुधा एकाच रकान्यात असतं, आणि इथे ती दोन्ही तुमचीच नावं म्हणून नोंदली जातात. यात गैर काही नाही, पण पुढे बँक, विमा, नोकरीचा करार, सगळीकडे नाव अगदी तसंच लिहा. शिक्क्याचा दाखला तिथल्या तिथे हातात मिळतो.

आणि आता जी गोष्ट कुठल्याच सरकारी यादीत सापडत नाही ती: दाराजवळच्या टपालपेटीवर तुमचं आडनाव हवं. इथे बहुतेक इमारतींत फ्लॅटला क्रमांक नसतो, पोस्टमन पेटीवरची नावंच वाचतो. मी पहिल्या वर्षी एका घरात एक खोली भाड्याने घेतली होती, पेटीवर फक्त मूळ भाडेकरूचं नाव होतं. कर क्रमांकाचं पत्र साधारण दोन-तीन आठवड्यांत येतं, मी सहा आठवडे वाट पाहिली. ते कधीच परत गेलं होतं. पुन्हा मागणी केली तरी क्रमांक फोनवर किंवा ईमेलने सांगत नाहीत, पुन्हा पत्रच येतं. त्या संध्याकाळी कागदाची पट्टी कापून, ठळक अक्षरांत आडनाव लिहून, वरून पारदर्शक टेप लावली. तुम्ही हे किल्ली हातात पडेल त्याच दिवशी करा.

नोंदणीनंतर थोड्याच दिवसांत रेडिओ-टीव्ही शुल्काचंही पत्र येतं. ती फसवणूक नाही. महिन्याला १८.३६ युरो, घरात टीव्ही असो वा नसो. मात्र ते माणशी नसून घरामागे असतं. घरातला दुसरा कोणी आधीच भरत असेल तर त्याचा या शुल्काच्या खात्याचा क्रमांक कळवा, तुम्हाला वेगळं भरावं लागणार नाही.

जर्मनीतच दुसरीकडे राहायला गेलात तर नव्या पत्त्यावर पुन्हा नोंदणी करायची, जुनी आपोआप रद्द होते. देश सोडून जाताना मात्र आब्मेल्डुंग, म्हणजे नोंद रद्द करणं, आठवणीने करा. निघण्याच्या आठवडाभर आधीपासून ते निघाल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत ते करता येतं. त्याचा दाखला बरोबर घेऊन जा, रेडिओ-टीव्ही शुल्क बंद करायला तोच पाठवावा लागतो.