मेगापिक्सल नंतर विचारा, आधी अंतर मोजा : सीसीटीव्हीच्या झूम लेन्सबद्दल आमच्या ग्राहकांसाठी

नमस्कार मंडळी,

दुकानात आल्यावर बहुतेक जण पहिलं हेच विचारतात, "भाऊ, कॅमेरा किती लांबचं दाखवतो?" आणि खोक्यावरचं ३० मीटर बघून खुश होतात. ते ३० मीटर म्हणजे रात्री आयआरचा (कॅमेऱ्यातल्या इन्फ्रारेड दिव्यांचा) उजेड कुठवर पोचतो त्याचा आकडा आहे, तिथं उभा असलेला माणूस ओळखू येईल असं त्यात कुठंच नाही. ओळखू येणार की नाही हे ठरतं लेन्स किती एमएमची (फोकल लेंथ, एमएम जास्त तेवढं लांबचं मोठं दिसतं) आणि माणूस किती लांब यावर, मेगापिक्सल त्याच्यानंतर.

साधा हिशोब आहे, आम्ही पण हाच करतो. नेहमीच्या १/२.८ इंच सेन्सरची (चित्र टिपणाऱ्या चिपची) रुंदी साडेपाच एमएमच्या आसपास असते. अंतराला (मीटरमध्ये) साडेपाचनं गुणायचं आणि लेन्सच्या एमएमनं भागायचं, म्हणजे तेवढ्या लांब किती रुंद जागा चित्रात बसते ते कळतं, आणि फोर-के कॅमेऱ्याचे आडवे ३८४० पिक्सल (चित्राचे ठिपके) त्या रुंदीवर वाटले जातात. अनोळखी माणसाचा चेहरा पक्का ओळखायचा तर मीटरला २५० पिक्सल लागतात, ओळखीचा माणूस १२५ मध्ये कळतो, आणि नुसतं कोणीतरी आलंय एवढंच बघायचं तर २५ पण चालतात. हे आकडे आमच्या मनाचे नाहीत, कॅमेऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमधले आहेत.

आता रावेरकडचं केळीचं लोडिंग घ्या. गेट ३० मीटरवर आणि कॅमेरा २.८ एमएमचा, तर चित्रात ५९ मीटर रुंद जागा येते, मीटरला ६५ पिक्सल, म्हणजे फोर-के असून पण गाडी आली एवढंच कळणार, ड्रायव्हर कोण ते नाही. तोच कॅमेरा १२ एमएमवर नेला की रुंदी चौदा मीटरच्या आत येते आणि पिक्सल जातात पावणेतीनशेच्या पुढं, काम झालं. उलट सराफाच्या काउंटरला, जिथं गिऱ्हाईक तीन मीटरवर बसतं, तिथं २.८ एमएमचा साधा दोन मेगापिक्सलवाला पण तीनशेच्या वर देतो, तिथं झूमला पैसे घालू नका, आम्ही विकत असलो तरी सांगतो.

झूमचे एक्स बघून फसू नका. एक्स म्हणजे फक्त लेन्सच्या मोठ्या एमएमला छोट्यानं भागलेलं. ५ ते ५० म्हणजे १० एक्स, ४.८ ते १२० म्हणजे २५ एक्स, त्यानं किती लांबचं दिसेल ते कळत नाही, एमएमच विचारा. आणि डिजिटल झूम म्हणजे आहे तेच चित्र ताणणं, तो धरूच नका. सेन्सर मोठा (१/१.८ इंच) असेल तर रुंदी सात एमएमच्या आसपास धरायची, तिथं तेवढ्याच लेन्समध्ये जागा जास्त दिसते आणि माणूस बारीक होतो.

झूम वाढवला की उजेड कमी होतो हे कोणी सांगत नाही. पुष्कळ लेन्समध्ये वाइडला (झूम कमीत कमी असताना) एफ १.४ असतं (एफ लहान तेवढा उजेड जास्त), ते झूमच्या टोकाला एफ २.८ होतं, म्हणजे उजेड चौथ्या हिश्शावर, म्हणून दिवसा झकास दिसणारं गेट रात्री दाणेदार होतं, तिथं एक चांगला हॅलोजन नाहीतर एलईडी लावलेला बरा. आणि जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात दुपारी लांबचा झूम लावला की जिनिंगच्या पत्र्यावरची आणि सिमेंटच्या अंगणातली हवा चित्रात लवलवते, त्याला कोणतीच महागाची लेन्स औषध नाही, कॅमेरा पत्र्यावरून बघणार नाही असा जरा वर नाहीतर बाजूला घ्यायचा एवढंच.

फोकसचं पण सांगतो. २.८-१२ वाली लेन्स व्हेरिफोकल असते, झूम हलवला की फोकस सुटतो, परत लावावा लागतो. हातानं फिरवायची असेल तर दरवेळी शिडी, म्हणून मोटराइज्ड घ्या, एनव्हीआरच्या (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याच्या) मेनूतूनच प्लस-मायनस होतं. फोकस अंधार पडल्यावर आयआर चालू असताना एकदा तपासायचाच, कारण आयआर उजेडाचा फोकस दिवसापेक्षा जरा सरकतो, आयआर करेक्टेड लेन्स असेल तर तो त्रास कमी. कॅमेरा एका कंपनीचा आणि एनव्हीआर दुसऱ्याचा असला की ऑनव्हिफवर (वेगवेगळ्या कंपन्यांच्या सामायिक भाषेवर) चित्र येतं पण झूमचं बटण कधी कधी चालत नाही, मग कॅमेऱ्याचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) ब्राउझरमध्ये उघडून तिथून करायचं. जुन्या डीव्हीआरवर (जुन्या पद्धतीच्या रेकॉर्डरवर) पीटीझेड (मोटरनं आजूबाजूला, वर-खाली फिरणारा आणि झूम करणारा कॅमेरा) असेल आणि आरएस-४८५ ची वेगळी वायर असेल तर पेल्को-डी (कॅमेऱ्याला हुकूम द्यायची भाषा), ॲड्रेस (कॅमेऱ्याचा नंबर) आणि बॉडरेट (वायरवरून हुकूम जाण्याचा वेग) दोन्हीकडे सारखं पाहिजे, नाहीतर कॅमेरा हलतच नाही आणि गिऱ्हाईक म्हणतं मोटर गेली.

पीटीझेडवाल्यांनी हे जरूर वाचा. कॅमेरा गेटवर झूम करून ठेवला तर मागच्या गोडाऊनचं रेकॉर्डिंग होतच नाही, आणि नंतर झूम मागं घेऊन बघता येत नाही. घरातल्या चार मोबाईलवर ॲप असेल तर कोणीतरी फिरवून तसंच सोडतं, आपण चोरीनंतर बघतो तर कॅमेरा आभाळाकडं. म्हणून झूमचा अधिकार एकाच लॉगिनला द्या, प्रीसेट (ठरवून ठेवलेल्या जागा) करून घ्या आणि दोन-तीन मिनिटांनी आपोआप होम पोझिशनला परत येईल असं सेट करून ठेवा. लाइट जाऊन आली की पण त्याच जागी आला पाहिजे, ते वेगळं सेटिंग असतं, बसवणाऱ्याकडून तुमच्यासमोर मेन बंद-चालू करून बघा. गोडाऊनसाठी एक फिक्स वाइड कॅमेरा वेगळाच ठेवा.

येताना एवढं करा, कॅमेरा जिथं लागणार तिथून गेट, काउंटर, जे काय बघायचंय तिथवर टेपनं मोजा, टेप नसेल तर पावलं मोजा, तिथूनच मोबाईलनं एक फोटो काढून आणा आणि चेहरा पाहिजे की गाडीचा नंबर ते सांगा, नंबर पाहिजे असेल तर गाडी हळू होते ती जागा पण दाखवा.