मोडीचं पोलाद, जुन्या सागाची मूठ : मुंबईतल्या पटाशीची पार्श्वभूमी

मुंबईत कुणी हाताने पटाशी, म्हणजे सुताराचं लाकूड तासायचं हत्यार, घडवायला घेतली, की मुठीसाठी पहिला हात जातो तो जुन्या सागाकडे. चाळीचा कठडा, मोडलेल्या दाराची चौकट, छताचा वासा, असं काहीतरी हाताशी असतंच. हा साग शहरात कशासाठी आला होता हे लक्षात घेतलं, तर तो मुठीत कुठे टिकतो आणि कुठे फुटतो हेही कळतं.

१७३६ मध्ये जहाजं बांधणारे लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईच्या गोदीत आले, तेव्हा जहाजांना लागणारा साग मलबारचा होता. १८१७ मध्ये इथे बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. इमारतींतला ‘बर्मा टीक’ मुख्यतः त्यानंतरचा. ब्रह्मदेशच्या जंगलांतून साग काढणारी बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन १८६३ मध्ये मुंबईतच स्थापन झाली. तिथल्या दरबाराने या कंपनीला ठोठावलेला दंड १८८५ च्या इंग्रज-बर्मी युद्धाचं निमित्त ठरला. पुढे १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, चाळींचा पुनर्विकास सुरू झाला आणि हे लाकूड पुन्हा बाजारात आलं.

जहाजाला आणि घराला साग हवा होता तो पाण्यात न कुजणारा, वाळवीला न जुमानणारा, कमी फुगणारा म्हणून. मोगरीचा, म्हणजे लाकडी हातोड्याचा, मार झेलायला तो कुणी आणला नव्हता. मार बसला की साग रेषेरेषेने चिरतो. म्हणून हाताने रेटून तासायच्या पटाशीला सागाची मूठ उत्तम. खोल खाच पाडायच्या जाड पटाशीला बाभूळच घ्यावी. बैलगाडीच्या चाकांना आणि औतांना बाभूळ वापरत, ती याच चिवटपणामुळे.

पात्याचा इतिहास वेगळा आहे. पोलाद महाग होतं तेव्हा पटाशीचं अंग साध्या लोखंडाचं असे आणि धारेच्या बाजूला तेवढी पोलादाची पातळ पट्टी भट्टीत तापवून, ठोकून जोडलेली असे. इंग्लंडातल्या शेफील्डमध्ये १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समनने मुशीत वितळवलेलं पोलाद काढलं, तरी ही जोडणी पुढे दीर्घकाळ चालली. तिथल्या पटाश्या बिनमुठीच्याही विकत. मूठ सुतार आपली आपण बसवी. मूठ झिजणार, बदलणार, पातं राहणार, हा हिशेब तेव्हापासूनचा आहे.

आज जोडणीची गरज नाही, कारण मोडीत चांगलं पोलाद मिळतं. ट्रकच्या कमानपाट्यात (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्टीत) कार्बन साधारण ०.६ टक्के असतो. धार मध्यम टिकते, पण पातं सहसा तुकडत नाही. जुन्या कानशीत तो १ टक्क्याच्या वर असतो. धार जास्त टिकते, पण चूक माफ होत नाही. वापरलेल्या पाट्यात न दिसणाऱ्या भेगा असू शकतात, म्हणून घासून चकचकीत करून पाहिल्याशिवाय भट्टीत घालू नये. घडवताना धारेपाशी दीड मिलिमीटर जाडी ठेवावी. आधीच पातळ केलं तर पातं वाकतं आणि कडेचा कार्बन जळतो.

तापलेलं पातं एकदम थंड करून कडक करण्याला लोहार अजून ‘पाणी देणं’ म्हणतात, पण या पोलादाला तेलच बरं. पाण्यात कानशीचं पातळ पातं तडकू शकतं. पातं चुंबक धरेनासं झालं की रंग आणखी थोडा चढू द्यावा आणि ५०–६० अंश तापलेल्या तेलात सरळ उभं बुडवावं. तिरकं बुडवलं तर एक बाजू आधी आकसते आणि पातं वळतं. मग ठिसूळपणा कमी करायला पातं २०० ते २२० अंशांवर दोन तास तापवावं, असं दोनदा. रंग फिकट पिवळा यावा. निळा आला तर धार मऊ पडली. धारेचा कोन तासायला २५ अंश, ठोकायला ३०.

मुठीसाठी ३५ मिलिमीटर चौरस, १५० मिलिमीटर लांब तुकडा घ्यावा. रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ हव्यात आणि खोडाचा गाभा नको. आधी चुंबक फिरवावा, कारण रंगाखाली खिळ्यांची टोकं दडलेली असतात. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता धरून मुखपट्टी लावल्याशिवाय तो घासू नये. सागातल्या वाळूसारख्या सिलिकेमुळे कातायच्या हत्याराची धार लवकर जाते, तेव्हा मध्येच ती पुन्हा लावावी लागते.

मुठीच्या तोंडावर बसवायचं पितळेचं कडं, म्हणजे शेंबी, आतून २० मिलिमीटर असेल, तर लाकूड २०.२ पर्यंतच कातून ती ठोकून बसवावी आणि मगच भोक पाडावं. पात्याच्या मागच्या शेपटीसाठी भोक पायरीचं हवं: तोंडाशी ८, आत ६ मिलिमीटर. शेंबीशिवाय शेपटी ठोकली की मूठ तिथेच उकलते. हे काम पावसाळ्यात, फुगलेल्या लाकडावर केलं तर उन्हाळ्याआधीच शेंबी सैल पडते. तुकडा कातण्याआधी दोन-तीन आठवडे घरात, भिंतीपासून दूर ठेवावा.