एकच खंड होता, म्हणून सगळीकडे सारखेच जीव?

"पूर्वी पृथ्वीवर एकच खंड होता, त्यामुळे सगळीकडे सारखेच जीव होते, खंड फुटल्यावर ते वेगळे झाले." हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो पटतो, कारण पँजिया हा महाखंड खरोखरच होता. पण तो जुळून आला सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वी, आणि जीवसृष्टी त्याहून कितीतरी जुनी.

४८ कोटी वर्षांपूर्वी वायव्य स्कॉटलंड उत्तर अमेरिकेच्या खंडाचा भाग होता. वेल्स मात्र तेव्हाच्या आयापेटस महासागराच्या पलीकडे, दूर दक्षिणेला. आज दोघांत काहीशे किलोमीटरच अंतर आहे. तरीही त्या काळच्या खडकांतले स्कॉटलंडचे ट्रायलोबाइट (समुद्रातले, आता नामशेष झालेले कवचधारी जीव) अमेरिकेतल्यांशी जुळतात, वेल्समधल्यांशी नाही. मला हा पुरावा फार देखणा वाटतो. पुढे महासागर अरुंद होत गेला तसा हा फरकही पुसट झाला.

पँजियाच्या काळातही हवामानानुसार भेद राहिलेच. चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यात ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाच्या पानांचे ठसे मिळतात. तेच दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, अंटार्क्टिकावर. त्याच काळच्या, उष्ण पट्ट्यातल्या युरोपातली झाडं वेगळी होती.

पडताळायचं असेल तर संग्रहालयात जीवाश्माशेजारच्या चिठ्ठीवर वय आणि ठिकाण वाचा, आणि एकाच वयाचे, दूरदूरच्या ठिकाणांचे नमुने शेजारी ठेवून पाहा.